हँडलवरचा शर्ट

“आई, परत सायकलवर कपडे वाळत घातलेस?” व्हिडिओ कॉलवर ऋजुता वैतागली. “गुडघ्यांसाठी घेऊन दिलीय ती. गॅलरीत दोरी नाही का?”

“आहे गं. काढते,” म्हणत कुमुदताईंनी फोन ठेवला.

व्यायामाची सायकल घरी आली, तेव्हा त्या आयुष्यात पहिल्यांदा सीटवर बसल्या. तोवर सगळी सांगली त्यांनी यजमानांच्या सायकलच्या कॅरियरवरूनच पाहिली होती. एका अंगाने बसून, त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरून. उतार लागला की म्हणायचं, “अहो, हळू.” ते गेले, मग ती सायकलही भंगारात गेली.

या नव्या सायकलला कॅरियर नव्हतं. हँडल धरूनही, जागची न हलणाऱ्या त्या सायकलवरून आपण पडू, असंच त्यांना वाटत राहिलं. पायच उचलेना.

आता त्या सायकलपाशी आल्या. हँडलवरचा चौकड्यांचा शर्ट कोरडाच होता. यजमान गेल्यापासून तो धुतलाच नव्हता. त्यांनी तो काढला नाही. सीटवर चढल्या, शर्टाचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि पायडल मारू लागल्या.

जरा वेग आला, तशा पुटपुटल्या, “अहो, हळू.”