ढेरपोटी किटली

"एकट्या राहणाऱ्या माणसासाठी किटली," एवढाच विषय कालिंदीबाईंनी मातीकामाच्या वर्गाला दिला होता. त्यांनी स्वतः आखलेली एका कपाची चिनी मातीची किटली कारखान्यातून घरोघर गेली होती, म्हणून पोरांनीही तशाच चिमुकल्या केल्या. एका पोरीची तेवढी ढेरपोटी निघाली.

"अगं, एकट्या जिवाला एवढी कशाला?"

"कुणी आलं तर, मॅडम?"

"येत नाही गं कुणी," बाई बोलून गेल्या.

ती किटली त्यांनी तपासायला म्हणून घरी नेली. तिच्यात चहा केला, आपला कप काठोकाठ भरला. तरी किटली हाताला जडच लागत होती. बाईंनी फडताळात मागे सारलेला दुसरा कप विसळून ठेवला आणि दाराची कडी काढली.