शिंकऱ्या खारूताईची शोकसभा

शोकसभा सुरू झाली होती आणि कवयित्रीबाईंना उशीर झाला होता. वर्गाच्या दारातून त्यांनी हळूच डोकं आत घातलं. टेबलावर फुलांचा हा एवढा ढीग! ढिगामागे कुणाचा तरी फोटो होता, पण चौकटीचं टोक तेवढं दिसत होतं. शेवटच्या बाकावरच्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं आणि सरकून जागा दिली.

बाईंचा जीव सुपाएवढा झाला. अगं बाई, खारूताईसाठी शोकसभा!

खारूताई म्हणजे बाईंची पुण्याई. मोठ्यांसाठीचे त्यांचे कवितासंग्रह लोक भेट म्हणून घेत आणि भेट म्हणूनच पुढे सरकवत. मग भाच्याला भरवता भरवता त्यांनी एक शिंकरी खार रचली. दर पुस्तकात ती झाडावरून पडायची, पुरात वाहायची, सगळे रडायला बसायचे, आणि पानांच्या ढिगाखालून आवाज यायचा, "आऽऽक्छी!" पोरं नुसती वेडी झाली. जाणकार मंडळी मात्र नाक मुरडायची, "अजून खारच का?" शेवटी बाईंनीही मनावर घेतलं. नव्या पुस्तकात खार ढिगाखाली गेली ती गेलीच. शिंक नाही की काही नाही. जाणकारांनी माना डोलावल्या, बक्षीस दिलं, 'लेखिकेला आता कुठे पोच आली' म्हणाले. आणि झालं! त्या दिवसापासून बाईंना एक ओळ सुचेल तर शपथ. आज वर्गाच्या सरांनी बाईंना शाळेत बोलावलं होतं आणि आता सगळी भिस्त या पोरांवर होती. त्यांना हा शेवट पटला तर ठीक, नाहीतर लेखणी खुंटीला टांगायची, असं त्या घरून ठरवूनच निघाल्या होत्या.

दोन वेण्यांची मुलगी बोलायला उभी राहिली. "ती फार चांगली होती. तिच्यामुळे माझा भाऊ दूध प्यायचा." ती खाली बसली आणि तिने भोकाड पसरलं.

रडली! बाईंनी मनातल्या मनात उडी मारली.

मग एक गोलमटोल मुलगा उठला. "शेवटी शेवटी तिला काय झालं कोण जाणे. ती मोठ्या माणसांच्या नादी लागली."

खार आणि मोठ्या माणसांच्या नादी? बाई क्षणभर चक्रावल्या. मग त्यांना वाटलं, काय खोल वाचलंय पोराने! जाणकारांनासुद्धा हे सुचलं नव्हतं.

"आता दोन मिनिटं शांत उभं राहू," सर म्हणाले.

"सर, एवढी घाई कशाला? थोडं थांबू या ना," बाईंच्या शेजारची मुलगी पुटपुटली. कुणी लक्ष दिलं नाही. सगळे उभे राहिले. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

शांतता संपली. सरांनी बाईंच्या हातात एक फूल दिलं. का कोण जाणे, ते त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. बाई टेबलापाशी गेल्या, ढिगावरून वाकल्या आणि हातातलं फूल हातातच राहिलं.

फोटो त्यांचाच होता. नव्या पुस्तकाच्या मागच्या पानावरचा. हनुवटीखाली हात, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"अरे, ही तर मी! खारूताई कुठेय?"

"तिला काय धाड भरलीये?" वेणीवाली नाक पुसत म्हणाली. "ती आहे ढिगाखाली, शिंकेची वाट बघत. शिंक लिहिणाऱ्या बाईच गेल्या."

सर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "अहो, मी परोपरीने सांगितलं यांना, की बाई चांगल्या धडधाकट आहेत, आज येणार आहेत. तर मला म्हणतात, पुरावा काय?"

सगळा वर्ग बाईंकडे बघत होता. बाई फोटोकडे बघत होत्या. काय ते थोबाड! त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली, मग पोटातून हसू वर यायला लागलं ते काही केल्या आवरेना. त्यांनी चष्मा काढून सरांच्या हातात दिला, दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि फुलांच्या ढिगात नाक थेट कानांपर्यंत खुपसलं.

पोरं टाचा उंचावून बघायला लागली.

"आऽऽऽऽक्छी!"

पाकळ्या उडाल्या, फोटो धाडकन पालथा पडला, पोरं बाकांवर चढली आणि किंचाळायला लागली. त्या गोंधळात शेवटच्या बाकावरची मुलगी कमरेवर हात ठेवून सरांना म्हणाली, "बघा! मी म्हटलं नव्हतं, थोडं थांबू या म्हणून?"