माठाची जुडी

डॉक्टरबाईंनी खोलीतली ट्यूब बंद केली आणि जांभळ्या उजेडाची बत्ती ओजसच्या पाठीवर धरली. फिकट चट्टे एकदम पांढरेशुभ्र झाले; लांबट, टोकदार, अगदी पानांसारखे.

"बघितलंत? हा पोटात असताना ग्रहणात हिनं माठाची जुडी चिरली, म्हणून उमटली ही पानं," सासूबाई म्हणाल्या.

सहा वर्षं हेच ऐकून वृंदाचे कान किटले होते. "मी विळीला हातसुद्धा लावला नव्हता," हे तिचंही ठरलेलं उत्तर. तरी आता पाचव्या महिन्यात, परवाच्या ग्रहणात, उगाच बोल नको म्हणून ती हातावर हात ठेवून बसून राहिली होती.

"ग्रहणाचा काही संबंध नाही, आजी. हे चट्टे आणि याला येणारे झटके एकाच आजाराचे. तो आईवडिलांकडून येऊ शकतो."

वृंदाला हायसं वाटलं. ओजसला सावरायला तिनं हात पुढे केला आणि तो उजेडात आला. तिच्या मनगटाच्या वर तीन पानं लखलखली.

"लहानपणी तुम्हाला कधी झटके आले होते?"

"दोनदा." तिचा हात पोटावर गेला. "म्हणजे यालाही?"

"निम्मी शक्यता आहे," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

वृंदानं सासूबाईंचा दंड घट्ट धरला. "आई, चिरली होती हो मी जुडी. इतकी वर्षं खोटं बोलले. ग्रहणातच चिरली होती. या वेळी मात्र कशालाच हात लावला नाही."

सासूबाईंनी तिच्या मनगटावर स्वतःचा पदर ओढला.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "तू नव्हती चिरलीस."