छान झालंय

"बाबा, कांदा करपतोय," बाहेरच्या खोलीतून लेकीचा आवाज आला.

"करपत नाहीये, खरपूस होतोय," बाप तव्यावरची नजर न हलवता म्हणाला. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून सहाला घरी आला की तो हात धुऊन थेट गॅसपाशीच उभा राही. त्याची बायको तव्यापासून दोन हातांवर स्टुलावर बसून धुतलेले नॅपकिन घड्या घालून ठेवत होती. त्याने तिलाच विचारलं, "काय गं, करपला का?"

"छान वास सुटलाय," ती म्हणाली.

झालं तर मग. हिने छान म्हटल्यावर कॉलेजातल्या पोरीचं कोण ऐकतो?

बायको कारखान्याच्या कॅन्टीनची मुख्य आचारी होती. चारशे माणसांसाठी केलेलं सूप चमचाभर चाखून तिने सरळ मोरीत ओतायला लावलं होतं, तेही मॅनेजरच्या देखत. आठ महिन्यांपूर्वी ती तापाने आजारी पडली. ताप आठवड्यात उतरला, पण ती कामावर काही परत गेली नाही. डॉक्टरांनी ठणठणीत म्हणून सांगितलं, वजनही पूर्वीपेक्षा दोन किलो वाढलं, तरी कॅन्टीनचा विषय निघाला की "पाहू" म्हणून उठून जायची. आज मात्र मॅनेजरने निर्वाणीचं सांगितलं होतं. आठ वाजता फोन करतो, हो की नाही ते सांगा, नाहीतर उद्यापासून नवीन माणूस उभा करतो. तिचा जीव त्या कॅन्टीनमध्ये अडकलाय हे नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं. ते हातचं गेलं तर ती पुन्हा पहिल्यासारखी हसायची नाही, अशी त्याला धास्ती होती.

तिचा धीर खचलाय, एवढंच त्याला दिसत होतं. आणि त्यावर चांगलंचुंगलं खाऊ घालणं हाच उपाय त्याला सुचत होता. तिच्या आजारपणात नाइलाजाने त्याने हातात झारा धरला. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "छान झालंय." दुसऱ्या दिवशीही तेच. तो जो हरभऱ्याच्या झाडावर चढला, तो आजतागायत उतरला नव्हता. लेक आठवड्यातले चार दिवस मैत्रिणीकडून जेवून यायची. शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंना डबा दिला, की नेमकं त्यांचं पोट बिघडलेलं असायचं. खाण्यातलं कळत नाही लोकांना, असं म्हणून तो सोडून द्यायचा. स्वतःच्या ताटात तो मिरचीचा सॉस असा काही ओतायचा, की त्याखाली काय आहे याचा प्रश्नच उरत नसे.

आज लेकीला बर्गर हवा होता. पाव संपले होते, पण टॉर्टियाचं, म्हणजे तयार मेक्सिकन पोळ्यांचं, पाकीट घरात होतं. त्याने खिमा परतला, त्यात तो खरपूस कांदा घातला, टोमॅटोचा आणि मोहरीचा सॉस घातला, व्हिनेगरमधल्या काकडीच्या चकत्या टाकल्या. टॉर्टियावर ते सारण पसरलं, वर चीज किसलं आणि घडी घालून तव्यावर टाकलं.

"याला केसाडिया म्हणतात," लेक दारात येऊन म्हणाली. "स्पेलिंगमध्ये दोन एल असतात, पण म्हणायचा एकही नाही."

"मग लिहितात कशाला?" असं म्हणून त्याने तिला ताटं मांडायला पिटाळलं. मग बायकोला हळूच विचारलं, "काय ठरवलंस?"

"आधी जेवून घेऊ."

"भीती वाटते का तुला?"

"वाटते," ती म्हणाली. "चारशे माणसांना मी खाऊ घालायचं, आणि..."

"आणि काय?"

"काही नाही. ते उलटा आता."

त्याने ते उलटलं. बाजू चांगलीच काळपट झाली होती. सुरीने त्याचे त्रिकोणी तुकडे करून तो ऐटीत टेबलाशी गेला.

आठला पाच कमी होते. बायकोने पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबली. हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. दुसरा घास तिने अगदी लहान घेतला, डोळे मिटून. लेक गटागटा पाणी पीत होती. बायकोच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलेलं पाहून तो मनातून सुखावला. आज आपला हात भलताच जमून आला, असं त्याला वाटलं.

फोन वाजला. तो उठायच्या आत बायकोने उचलला.

"हो, मीच बोलतेय. उद्या सहाला येते. नवीन माणूस नको. आणि हे बघा, मी आल्याशिवाय सूप चढवू नका कोणी."

लेकीने ग्लास खाली ठेवला. त्याची तर छाती दोन इंच फुगली.

"बघ, मी म्हणत होतो ना? पोटात चांगलं गेलं की माणूस उभा राहतो," तो म्हणाला. "छान झालंय ना?"

बायको हसायला लागली. आठ महिन्यांत ती अशी हसली नव्हती. हसता हसता डोळे पुसत ती बोटांवर मोजू लागली.

"कांद्याचा कोळसा झालाय. मीठ दोनदा पडलंय. चीज खवट आहे. मोहरीचा सॉस बहुतेक गेल्या वर्षीचा असावा."

त्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान खाली घालून हळूच होकार दिला.

"अगं, पण रोज तर छान म्हणायचीस," तो म्हणाला.

तिने त्याच्या दंडाला घट्ट धरलं. "अहो, त्या तापानंतर आज पहिल्यांदा मला चव लागलीय," ती म्हणाली, "आणि ती इतकी वाईट आहे."