लॅपटॉपच्या मागे

रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहून तिने मोबाइल वर धरला. नेटचा वेग दाखवणारा काटा सरसर उजवीकडे गेला आणि तिथेच टिकला. तिचा चेहरा खुलला. दारातल्या दादाने मात्र तोवर घरमालकिणीला सगळं सांगून टाकलं होतं. ही जन्मापासून बहिरी आहे, हिला बोलता येत नाही, एकटीला जमणार नाही, आम्ही आपलं नुसतं बघायला आलोय.

ती खुणांची भाषा शिकवते, घरबसल्या, व्हिडिओवर. हातवारे म्हणू नका, भाषाच आहे ती, व्याकरणासकट. पण दादाच्या घरातलं नेट म्हणजे डोक्याला ताप. ऐन वर्गात तिचे हात पडद्यावर थिजायचे आणि अर्धं वाक्य गायब व्हायचं. दादाच्या गल्लीत चांगली लाइन मिळतच नव्हती. विद्यार्थी कंटाळून सोडून जायला लागले होते. असंच चाललं असतं तर हे कामही गेलं असतं, आणि स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं.

दादाने मोबाइलवर लिहून तिच्यापुढे धरलं, "घर सोडायला नेट हे काय कारण झालं? आमच्यात तुझं काय अडतं? तुझ्या वतीने मी बोलतोच ना सगळीकडे."

तिने खाली लिहिलं, "तेच अडतं."

आणि चावीसाठी तिने घरमालकिणीपुढे हात केला.

दादा चिडणार हे तिला ठाऊकच होतं. आईचं मात्र तिला लागलं. घरात खुणांची भाषा कुणी शिकलं नव्हतं. जेव, झोप, इकडे ये, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. वर्ग सुरू झाला की आई भाजी निवडायला घेऊन लॅपटॉपच्या मागे बसायची आणि टक लावून बघत राहायची. पहारा देते की काय, असं वाटून ती वैतागायची. आता सामान बांधताना आईने ना थांब अशी खूण केली, ना जा अशी.

नव्या खोलीतला पहिला वर्ग एकदाही न अडकता पार पडला. थोड्या वेळाने घरून व्हिडिओ कॉल आला. पडदाभर दादाचं तोंड. तळवा हलवून तो बोलावत होता, परत ये. तेवढ्यात आईने त्याला बाजूला सारलं, मोबाइल त्यालाच नीट धरायला लावला आणि ओले हात पुसले.

आईचे हात छातीसमोर आले. कोपरं अंगाशी, बोटं मोकळी, ती पहिल्या धड्यात शिकवते अगदी तशी. तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. चित्र थिजलं, सुटलं, पुन्हा थिजलं. आईने न कंटाळता पहिल्यापासून सुरुवात केली. दादाला काहीच कळत नसावं, कारण आईचे हात वाकून वाकून बघताना त्याच्या हातातला मोबाइल सारखा हलत होता.

"परत येऊ नकोस," आई हातांनी म्हणाली. "इथलं नेट फार अडकतं."