मी उघारी बोल्ले

"एकवीस नंबर. ठमाबाई गुणाजी पाटील," मृणालीने वाचलं आणि ती थांबली.

"वाच ना गो," ठमाबाई म्हणाल्या.

मृणालीने एकदा सासूकडे पाहिलं. "'आघाडी बंद करू नये. शेरा : राजकीय मत. विषयाशी संबंध नाही.'"

ग्रामपंचायतीच्या सभागृहात मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ठमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या हातातला कागद घेतला, वाचता येत नसतानाही वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला.

महिन्यापूर्वी इथेच जनसुनावणी झाली होती. मुरुडकडे जाणाऱ्या पर्यटकांसाठी खाडीच्या बांधावरून रस्ता काढायचा होता, आणि त्यासाठी बांधातली उघाडी कायमची बुजवायची होती. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. ओहोटीला तो उघडला की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत उतरतं. भरतीला मिटला की खारं पाणी बाहेर राहतं. तो बुजला तर सगळ्या गावाचं भात जागेवर कुजणार. हे सांगायला ठमाबाई चांगलं लुगडं नेसून आल्या होत्या. तोंडात शिवी येऊ नये म्हणून तीन दिवस घरी मनाशी घोकलं होतं. एका वर्षी दरवाजा अडकला तेव्हा नऊ दिवस पाणी कसं उभं राहिलं, छातीइतक्या पाण्यात उतरून नवऱ्याने आणि त्यांनी फळ्या कशा उपसल्या, सगळं त्या पंधरा मिनिटं उभ्याने बोलल्या होत्या. समोर बसलेले सरकारी साहेब मान डोलावत होते. लिहून मात्र कुणी घेत नव्हतं. मुंबईच्या सल्लागार कंपनीने बोललेलं आपोआप उतरवणारं यंत्र आणलं होतं.

त्याच यंत्राने केलेलं इतिवृत्त आज वाटलं होतं. गावातली तेवीस माणसं बोलली होती. शेवटच्या पानावर होतं, 'हरकती : शून्य.' साहेबांचं भाषण तेवढं शब्दन् शब्द उतरलं होतं. मध्येच शिपायाला म्हटलेलं 'चहा पाठव रे' सुद्धा.

ठमाबाई उठल्या आणि थेट पुढे गेल्या.

"मी उघारी बोल्ले. उघारी! तुमचे पुढाऱ्यांच्या आघाडीशी मना काय करायचा हाय?"

कंपनीचा हर्षद लॅपटॉपमागून उठला. पोरगा बोलायला नम्र होता. "आजी, सिस्टीम प्रमाण मराठी ऐकून शिकलीय. तुम्ही जरा शुद्ध बोलला असता तर नीट आलं असतं."

शुद्ध. ठमाबाईंच्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. याच तोंडाने त्यांनी चार पोरं वाढवली होती, बाजारात माप करणाऱ्याशी भांडण केलं होतं, नवऱ्याला शेवटचं पाणी पाजताना त्याचं नाव घेतलं होतं. आजवर कुणाला न समजलेलं असं काही त्या बोलल्या नव्हत्या.

"यंत्र तुमचा," त्या म्हणाल्या, "आनला तुमी. आनि शिकायचा मी?"

साहेबांनी हाताच्या खुणेने हर्षदला बसवलं. "बाई, ते इतिवृत्त कायम झालंय. पुढच्या टप्प्यात पुन्हा मत मांडा."

"पुरचा टप्पा कवा?"

"काम सुरू झाल्यावर."

सभागृहात एकदम गलका झाला. दोन-चार मोबाइल वर झाले. ते पाहून साहेबांचा आवाज मऊ झाला. "बरं, बरं. दोन मिनिटं बोला. आजच्या बैठकीत नोंदवून घेऊ. हर्षद, चालू कर."

हर्षदने माईक पुढे केला. ठमाबाईंनी तो साहेबांसमोर ठेवला.

"मी नाय. मी बोल्ले तं पुन्ना आघाडीच निंगल. तुमी बोला. मी सांगते तसा."

साहेब हसले. म्हातारीचं समाधान होतंय तर होऊ दे, असा चेहरा करून ते उभे राहिले आणि त्यांनी माईक उचलला.

"बोला, बांधातली उघारी बुजवू नका."

"बांधातली उघाडी बुजवू नका," साहेब म्हणाले. मागच्या भिंतीवर प्रकाशाची अक्षरं उमटली. ना काना चुकला, ना मात्रा.

"उघारी बुजली तं आमचा भात कुजंल."

"उघाडी बुजली तर आमचं भात कुजेल."

"आमचा इरोध हाय."

साहेब थांबले. हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं.

"बोला की," ठमाबाई म्हणाल्या. "त्याला समजंल असा तुमीच एक बोलता."

साहेबांनी हर्षदकडे पाहिलं, मग वर झालेल्या मोबाइलांकडे. "आमचा... विरोध आहे."

भिंतीवर तीन वाक्यं एकाखाली एक उभी राहिली. यंत्राला साहेबांचा आवाज ओळखीचा होता. त्याने वाक्यांसमोर त्यांचं पूर्ण नाव घातलं, हुद्दा घातला आणि शेरा मारला, 'हरकत. नोंद घेतली.'

साहेबांनी माईक टेबलावर ठेवला आणि खुर्ची मागे ओढली. ठमाबाईंनी माईक उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला. मागे बाकं सरकली. गावातला शिवदास उठला, त्याच्या पाठोपाठ काशी पदर सावरत उठली, आणि बघता बघता रांग दाराबाहेर पायरीपर्यंत गेली.

"बसू नका, साहेब," ठमाबाई म्हणाल्या. "आजून गाव बोलायचा हाय."