आजारपणाचं खातं

शी, ऐका. मागच्या वर्षी अमेरिकेत आमच्या टोलेडोच्या टॅक्स ऑफिसात लॉइड आला, सोबत बायको ट्रूडी. आजारपणासाठीच्या बचत खात्यात टाकलेल्या पैशांवर टॅक्स माफ असतो ना, आणि महिन्याच्या एक तारखेला विम्यात बायको असली की त्या महिन्याचे जास्त पैसे टाकता येतात, म्हणून हा बाबा दरवर्षी पूर्ण मर्यादेपर्यंत भरतो. ट्रूडीला तर खुर्चीत बसल्याबसल्या धाप लागत होती. मी म्हटलं, "लॉइड, यातले काढून त्यांना डॉक्टरकडे न्या की. त्यावरही टॅक्स नाही."

"तू टॅक्स वाचवायला बसलीयस की माझी पुंजी उधळायला?" लॉइड हसत म्हणाला. "आत्ताच काढले तर वाढणार कधी?"

"राहू दे गं," ट्रूडी म्हणाली, "ॲलर्जी असेल."

परवा तो एकटाच आला. म्हणाला, "ट्रूडी गेली, जूनमध्ये. हार्ट." मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो हलकेच बाजूला केला आणि कागद पुढे सरकवले.

"दोन तारखेला गेली ती. एक तारखेला विम्यात होती, म्हणजे जूनचेही जोडप्याचे जास्तीचे पैसे भरता येतील ना?"